दिवसाला चौदा रात्री

आपल्याला चोवीस तासांत रात्र एकदाच मिळते. ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ला दर ९८ मिनिटांनी नवी रात्र मिळते. सूर्य मावळतो, जेमतेम पस्तीस मिनिटं अंधार, की लगेच पुन्हा उजाडतं. असं दिवसातून चौदा वेळा, कधी पंधरा वेळा. भारताची ही अंतराळ दुर्बीण २८ सप्टेंबर २०१५ रोजी सकाळी दहा वाजता पीएसएलव्ही-सी३० रॉकेटवरून श्रीहरिकोट्याहून निघाली आणि ६५० किलोमीटर उंचीवर जाऊन कामाला लागली. वजन १५१५ किलो. वेग सेकंदाला साडेसात किलोमीटर, म्हणजे पुणे-मुंबई वीस सेकंदांत.

चांद्रयान आणि मंगळयान ही नावं शाळकरी पोरांच्याही तोंडी आहेत. अ‍ॅस्ट्रोसॅटचं नाव त्या मानाने कमी ऐकू येतं, कारण तिचं काम रोजचं आहे. दिलेल्या पत्त्यावर नेम धरायचा, येईल तो प्रकाश मोजायचा, हिशोब खाली पाठवायचा आणि पुढच्या पत्त्याकडे वळायचं. या नित्यनेमातच मोठे शोध लागले आहेत, म्हणून तिच्या कामाच्या दिवसातल्या या गमतीजमती.

१. आपली दुर्बीण, पण आपल्या डोक्यावरून जात नाही

अ‍ॅस्ट्रोसॅटची कक्षा विषुववृत्ताला फक्त ६ अंशांनी कललेली आहे. त्यामुळे ती ६ अंश उत्तर अक्षांशाच्या वर कधीच येत नाही. कन्याकुमारी ८ अंशांवर आहे आणि देशाचं दक्षिण टोक, ग्रेट निकोबारवरचा इंदिरा पॉइंट, पावणेसात अंशांवर. म्हणजे ही भारतीय दुर्बीण भारताच्या भूमीवरून एकदाही थेट जात नाही! पण ६५० किलोमीटर उंचीवर असल्यामुळे ती बेंगळुरूजवळच्या ब्यालालू इथल्या अँटेनांना दक्षिणेच्या आकाशात दिसते, आणि विषुववृत्ताला धरून फिरत असल्याने बहुतेक प्रत्येक फेरीत त्यांच्या टप्प्यात येते. तेवढ्या वेळात साठवलेली माहिती खाली येते आणि नव्या सूचना वर जातात.

२. अटलांटिकवरची दलदल

इतकी आडवी कक्षा मुद्दाम निवडली. दक्षिण अटलांटिक आणि ब्राझीलच्या वर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अशक्त आहे. तिथे विद्युतभारित कणांचा पट्टा बराच खाली उतरतो. क्ष-किरण मोजणाऱ्या यंत्रांना ही जागा म्हणजे दलदलच. खऱ्या किरणांत खोटी नोंद मिसळते आणि यंत्रांनाही इजा होऊ शकते. अ‍ॅस्ट्रोसॅट या दलदलीच्या फक्त काठाला स्पर्श करत जाते. तेवढ्यापुरतीही तिच्यावर एक राखणदार बसवला आहे, भारित कण मोजणारं छोटं यंत्र. कण वाढले की ते इशारा देतं, आणि बाकीची यंत्रं आपला उच्च विद्युतदाब उतरवून दलदल मागे पडेपर्यंत थांबतात.

३. एका नजरेचे चार डोळे, पाचवा पहाऱ्यावर

अ‍ॅस्ट्रोसॅटवर पाच वैज्ञानिक उपकरणं आहेत. ‘यूव्हीआयटी’ ही अतिनील किरणांची जोडदुर्बीण. ‘एसएक्सटी’ मवाळ क्ष-किरणांसाठी. ‘लॅक्सपीसी’ आणि ‘सीझेडटीआय’ अधिक ऊर्जेच्या, कडक क्ष-किरणांसाठी. हे चौघे एकाच दिशेला, एकाच वेळी पाहतात. पाचवा ‘एसएसएम’ फिरत्या बैठकीवर बसून आकाशावर पहारा ठेवतो, कुठे नवं काही भडकलं तर कळावं म्हणून.

‘एकाच वेळी’ हे इथे फार महत्त्वाचं. कृष्णविवराभोवतीचा तप्त वायू क्षणाक्षणाला रूप बदलतो. आज एका दुर्बिणीतून अतिनील आणि उद्या दुसरीतून क्ष-किरण पाहिले, तर दोन वेगळ्याच अवस्थांची गाठ मारल्यासारखं होतं. अ‍ॅस्ट्रोसॅट तोच क्षण चारही डोळ्यांनी टिपते.

४. आधी दोन महिने डोळे मिटून

नव्या कोऱ्या गाडीचं दार उघडलं की एक वास येतो. रंग, गोंद, प्लॅस्टिक यांतून सुटणाऱ्या सूक्ष्म वाफांचा तो वास. नव्या उपग्रहातूनही अशा वाफा सुटत राहतात. अतिनील दुर्बिणीच्या आरशावर त्यांचा अगदी पातळ थर बसला, तरी अतिनील किरण तिथेच शोषले जातात. म्हणून यूव्हीआयटीची झाकणं उड्डाणानंतर दोन महिने बंद ठेवली. उपग्रहातल्या वाफा अंतराळात निघून गेल्या आणि मगच, ३० नोव्हेंबर २०१५ ला, झाकणं उघडली. इतकी वर्षं खपून बांधलेली दुर्बीण वर पोचल्यावर दोन महिने डोळे मिटून ठेवायची, याला केवढा धीर लागत असेल!

५. पहिल्याच दिवशी भवानी

सगळ्यात आधी जागं केलं ते सीझेडटीआय. तारीख ६ ऑक्टोबर २०१५. दुकान उघडावं आणि लगेच गिऱ्हाईक यावं, तसं त्याच दिवशी एक गॅमा किरणांचा स्फोट नोंदला गेला. नाव पडलं जीआरबी १५१००६ए. त्यातले आकडे म्हणजे तीच तारीख.

मजा अशी की स्फोट झाला ती दिशा दुर्बिणीच्या नजरेपासून ६० अंशांहून अधिक बाजूला होती. साधारण १०० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पुढे किरण इतके भेदक होतात की उपकरणाच्या भिंती त्यांना अडवू शकत नाहीत. त्यामुळे समोरचं बारकाईने पाहणारं हे यंत्र बाजूच्या आणि पाठीमागच्या स्फोटांचाही कानोसा घेतं. फक्त पृथ्वीआड गेलेलं आकाश तेवढं सुटतं, तेही तीस टक्क्यांच्या आतच. २०२३ संपेपर्यंत सीझेडटीआयने असे ६०० स्फोट टिपले होते.

६. जाळीची सावली

कडक क्ष-किरण आरशाने गोळा करणं फार अवघड. मग चित्र कसं काढायचं? उत्तर जुन्या वाड्याच्या खिडकीत आहे. खिडकीला नक्षीची जाळी असेल तर उन्हात तिची सावली जमिनीवर पडते. सूर्य सरकला की सावली सरकते. नुसती सावली पाहून सूर्य कुठे आहे ते सांगता येतं.

सीझेडटीआयवर टँटलम धातूची अर्धा मिलिमीटर जाडीची अशीच जाळी आहे. खाली कॅडमियम-झिंक-टेल्युराइडच्या ६४ फरश्या, प्रत्येकीवर २५६ चौकोन, एकूण १६,३८४. आकाशातल्या प्रत्येक स्रोताची सावली या चौकोनांवर निराळ्या जागी पडते. दोन-तीन स्रोत असतील तर सावल्या एकमेकींवर पडतात आणि संगणक त्या सोडवतो. भोकांची नक्षी अशी आखलेली असते की एका दिशेची सावली दुसऱ्या दिशेच्या सावलीशी जुळत नाही.

७. निसटत्या टप्प्याचे आरसे

मवाळ क्ष-किरणांसाठी आरसा चालतो, पण तो समोर धरायचा नाही. समोरून आलेला क्ष-किरण आरशात घुसून नाहीसा होतो. तळ्याच्या पाण्यावर चपटा दगड आडवा भिरकावला की तो टप्पे खात पुढे जातो. वरून टाकला तर बुडतो. एसएक्सटीचे आरसे याच रीतीने किरणाला निसटता टप्पा देतात. सोन्याचा मुलामा दिलेले ३२० पातळ पत्रे एकात एक बसवलेल्या शंकूंसारखे रचले आहेत. टप्पे खाऊन किरण दोन मीटर खाली एका बिंदूपाशी जमतात. तिथला कॅमेरा उणे ८० अंश सेल्सियसच्या आसपास थंड ठेवतात. भारताने अंतराळात पाठवलेली, क्ष-किरण एका जागी आणणारी ही पहिली दुर्बीण. ती मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली. कॅमेऱ्याचं काम ब्रिटनच्या लेस्टर विद्यापीठाच्या सोबतीने झालं.

८. प्रकाशाचे दाणे वेचताना

यूव्हीआयटी आपल्या मोबाइलसारखी एकगठ्ठा छायाचित्र काढत नाही. ती प्रकाशाचा एकेक कण, म्हणजे फोटॉन, वेगळा टिपते. एका कणाचं काय होतं ते पाहा. तो पडद्यावर आपटतो आणि एक इलेक्ट्रॉन सुटतो. सूक्ष्म नळ्यांच्या चकतीतून जाताना त्या एकाचे असंख्य इलेक्ट्रॉन होतात. त्यांचा घोळका शेवटच्या पडद्यावर एक ठिणगी पाडतो आणि ती ठिणगी कॅमेरा पाहतो. हे काम सेकंदाला सुमारे २९ वेळा. नोंद होते ती एवढीच: अमुक क्षणी, अमुक जागी, एक कण.

या खटाटोपाचं फळ मोठं. उपग्रह हवेत टांगलेल्या कंदिलासारखा किंचित हलत असतो. एकाच दमात छायाचित्र घेतलं असतं तर तारे फराटे होऊन उमटले असते. इथे दृश्य प्रकाशाचा कॅमेरा ओळखीच्या ताऱ्यांवर डोळा ठेवून हलण्याचा हिशोब राखतो. नंतर जमिनीवर प्रत्येक कण तेवढ्या मापाने मागे सरकवला जातो. हजारो-लाखो दाणे आपापल्या जागी बसले की तारा टिपक्यासारखा नेटका दिसतो.

९. जवळजवळ अख्खा चंद्र मावेल

यूव्हीआयटीच्या दोन्ही दुर्बिणींचे आरसे जेमतेम ३८ सेंटिमीटरचे. हबल अंतराळ दुर्बिणीचा २.४ मीटरचा. पण यूव्हीआयटीची चौकट २८ कलांची आहे, जवळजवळ पौर्णिमेच्या चंद्राएवढी. हबलच्या अतिनील कॅमेऱ्याची चौकट तीन कलांच्याही आत. त्यामुळे मोठा तारकागुच्छ किंवा जवळची दीर्घिका यूव्हीआयटीच्या एका चौकटीत बसते. बारकावा दीड विकलेचा. सोप्या भाषेत, सुमारे तीन किलोमीटरवर ठेवलेलं रुपयाचं नाणं जेवढं दिसेल तेवढी बारीक गोष्ट ती वेगळी ओळखते. तिच्याआधी अतिनील आकाशाचा मोठा नकाशा करणाऱ्या नासाच्या ‘गॅलेक्स’पेक्षा ही नजर तिपटीने तीक्ष्ण आहे.

१०. नकारांची यादी

निरीक्षणाचं वेळापत्रक बनवणाऱ्यांना ‘कुठे पाहायचं’ यापेक्षा ‘कुठे पाहायचं नाही’ हे आधी पाठ असावं लागतं.

सूर्याच्या जवळपास नाही. उन्हाने उजळलेल्या पृथ्वीच्या कडेजवळ नाही. स्वतःच्या वाटेच्या दिशेलाही नाही, कारण एवढ्या उंचीवरही ऑक्सिजनचे विरळ अणू असतात आणि साडेसात किलोमीटरच्या वेगाने ते आरशावर आपटले तर त्याचा लेप खराब होतो. फार तेजस्वी ताऱ्याकडे यूव्हीआयटी वळवायची नाही, त्याने तिचा नाजूक पडदा भाजू शकतो. म्हणून निरीक्षणाची मागणी करतानाच शेजारपाजारचे सगळे झगझगीत तारे तपासून घ्यावे लागतात. त्यातूनही एखादा आलाच, तर यंत्र आपणहून विद्युतदाब बंद करतं.

शिवाय अतिनील निरीक्षण फक्त रात्रीच्या भागात होतं. एका फेरीत फार तर अर्धा तास. दिवसाला चौदा रात्री मिळूनही वेळ पुरत नाही, तो असा.

११. इंधन न जाळता मान वळते

फिरत्या खुर्चीत बसून हातात सायकलचं फिरतं चाक धरा आणि ते चाक आडवं-उभं करा. खुर्ची आपोआप वळते. अ‍ॅस्ट्रोसॅट याच तत्त्वावर दिशा बदलते. तिच्या पोटात विजेवर फिरणारी चाकं आहेत. चाकाचा वेग वाढवला की उपग्रह उलट्या दिशेने हळूच वळतो. चाकांवर फार वेग साचला, तर विद्युतचुंबकांनी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला रेटून तो उतरवतात. आपण कुठे पाहतोय हे तिला ताऱ्यांच्या नकाशावरून कळतं. वीज सूर्याची, टेकू पृथ्वीच्या चुंबकाचा आणि वाटाडे तारे.

१२. वेळ मागून घ्यावा लागतो

ही दुर्बीण कुणा एकाची नाही. संशोधक रीतसर प्रस्ताव देतात: कोणता स्रोत, किती वेळ, आणि कशासाठी. समिती छाननी करते आणि मग वेळ मिळतो. पण आकाश वेळापत्रक पाळत नाही. अचानक काही भडकलं तर आणीबाणीची मागणी करता येते. मग आधीची कामं बाजूला सारून दुर्बीण तिकडे वळवतात.

कधी पाहुण्यांबरोबर वेळ जुळवावी लागते. २०१७ मध्ये सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी तारा, ४.२ प्रकाशवर्षांवरचा प्रॉक्झिमा सेंटॉरी, अ‍ॅस्ट्रोसॅटने चंद्रा आणि हबल या दुर्बिणींशी वेळ जुळवून पाहिला. त्याच्याभोवती पृथ्वीएवढा ग्रह असल्याचं वर्षभरापूर्वीच कळलं होतं. ताऱ्याच्या भडक्यांत त्या ग्रहावर किती क्ष आणि अतिनील किरण कोसळतात, हा प्रश्न होता. तीन दुर्बिणी, एक तारा, तोच दिवस.

१३. न दिसणं हीसुद्धा बातमी

१७ ऑगस्ट २०१७. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याच्या गुरुत्वीय लहरी पृथ्वीवर पोचल्या. पाठोपाठ गॅमा किरणांची चमक आली, पण ती अ‍ॅस्ट्रोसॅटला दिसली नाही. सीझेडटीआय तर जवळजवळ सगळं आकाश ऐकतं. मग दिसली का नाही? याचा अर्थ स्फोट त्या वेळी अ‍ॅस्ट्रोसॅटच्या दृष्टीने पृथ्वीआड असणार. जिथे शोधायची गरज नाही असं बरंचसं आकाश एका झटक्यात वगळता आलं. पुढे तेरा कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेत ती जागा सापडली, आणि ती खरोखरच पृथ्वीआडची निघाली.

त्याच वर्षीच्या जानेवारीतही सीझेडटीआयने एक गुंता सोडवला होता. ४ जानेवारीला गुरुत्वीय लहरी आल्या आणि आकाशाच्या त्याच भागात एक झपाट्याने मावळणारा प्रकाश दिसला. दोन्ही एकाच घटनेचे का? सीझेडटीआयच्या नोंदींत दुसऱ्या दिवशीचा एक वेगळाच गॅमा स्फोट सापडला आणि मावळत्या प्रकाशाचा माग बरोबर त्याच्याशी जुळला. दोन घटनांचा निव्वळ योगायोग! पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेच्या आणि आयआयटी मुंबईच्या संशोधकांचा या शोधात मोठा वाटा होता.

१४. सेकंदाला सत्तर ठोके

लॅक्सपीसीचे तीन डबे झेनॉन वायूने भरलेले. क्ष-किरण आत शिरला की वायूच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि त्यांचा ठोका मोजला जातो. तोही किती बारीक? सेकंदाच्या एक लाखाव्या भागापर्यंत.

गरुड तारकासमूहाच्या दिशेला जीआरएस १९१५+१०५ नावाचं कृष्णविवर आहे. ते शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून घेतं. आत पडता पडता तो वायू तापतो आणि त्याचे क्ष-किरण सेकंदाला सुमारे ७० वेळा लुकलुकतात. अ‍ॅस्ट्रोसॅटने दाखवलं की हा ठेका ठाम नसून ६७ ते ७२ च्या दरम्यान वर-खाली होतो. कृष्णविवराच्या अगदी तोंडाशी वायू कसा फिरतो, त्याची ही नाडी. विशेष म्हणजे १९९६ मध्ये आयआरएस-पी३ या आपल्या उपग्रहावर पाठवलेल्या छोट्या क्ष-किरण उपकरणानेही याच कृष्णविवराचं निरीक्षण केलं होतं. रुग्ण तोच, वीस वर्षांनी वैद्याच्या हातात अधिक बारीक साधन आलं.

१५. चिरतरुण ताऱ्याचं गुपित

यूव्हीआयटीने झाकण उघडल्यावर पहिल्यांदा पाहिला तो एनजीसी १८८, ध्रुवाजवळचा अतिशय जुना तारकागुच्छ. अशा म्हाताऱ्या गुच्छात काही तारे मात्र निळे, तरणेबांड दिसतात. बरोबरीचे सगळे थकले आणि हे ताजेतवाने, असं कसं? यूव्हीआयटीच्या निरीक्षणांत अशाच एका ताऱ्याशेजारी लपलेला अतितप्त जोडीदार सापडला. निळ्या ताऱ्याने त्याचं बाहेरचं द्रव्य ओढून घेतलं आणि स्वतःचं तारुण्य वाढवलं. जोडीदाराचा उरला तो उघडा, धगधगता गाभा. दृश्य प्रकाशात तो मोठ्या ताऱ्याच्या झगमगाटात हरवतो, अतिनीलमध्ये मात्र चटकन नजरेत भरतो. बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या नेतृत्वाखाली हा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

१६. सूर्याआधीचा उजेड

ऑक्टोबर २०१६. हबलने अतिशय खोलवर तपासलेल्या आकाशाच्या एका तुकड्याकडे यूव्हीआयटीने २८ तासांहून अधिक वेळ पाहिलं. एका फेरीत अर्धा तास धरला, तर पन्नासहून अधिक रात्री. पुण्याच्या आयुकातले कनक साहा आणि त्यांचे सहकारी या माहितीवर जवळपास दोन वर्षं काम करत होते. अखेर ऑगस्ट २०२० मध्ये जाहीर झालं: ९३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेतून अतितीव्र अतिनील किरण बाहेर पडताना टिपले आहेत. दीर्घिकेचं नाव एयूडीएफएस०१.

हा उजेड निघाला तेव्हा आपला सूर्य जन्मायला अजून साडेचार अब्ज वर्षांहून अधिक काळ होता. बाल्यावस्थेतल्या विश्वातला अंधार दीर्घिकांमधून निसटलेल्या अशाच किरणांनी फिटला असावा, असं मानतात. म्हणून या शोधाचं मोल. आणि अडतीस सेंटिमीटरच्या आरशाला हे जमलं कसं? यूव्हीआयटीच्या पडद्यावर स्वतःचा ‘गोंगाट’ फारच कमी आहे. शांत खोलीत कुजबूजही ऐकू येते, तसं.

१७. चार दिवसांची आस, चाळीस वर्षांची वाट

भारताचा पहिला उपग्रह आर्यभट १९ एप्रिल १९७५ ला निघाला. त्यावरही क्ष-किरणांचं एक उपकरण होतं, पण वीजपुरवठा बिघडल्याने त्याची निरीक्षणं चार-पाच दिवसांतच थांबली. तरी आपल्या शास्त्रज्ञांनी क्ष-किरणांचा नाद सोडला नाही. हैदराबादहून फुग्यांतून उपकरणं वर पाठवली, १९९६ मध्ये उपग्रहावरून छोटा प्रयोग केला. अ‍ॅस्ट्रोसॅटला २००४ मध्ये मंजुरी मिळाली आणि आणखी अकरा वर्षांनी ती उडाली. इस्रो, टाटा संस्था, आयुका, भारतीय खगोलभौतिकी संस्था, रामन संशोधन संस्था, कॅनडाची अंतराळ संस्था, लेस्टर विद्यापीठ, अशा अनेकांचे हात तिला लागले. टाटा संस्थेचे प्रल्हाद अग्रवाल यांनी या मोहिमेचं वैज्ञानिक नेतृत्व केलं.

१८. मुदत संपली, नोकरी चालू

अ‍ॅस्ट्रोसॅट पाच वर्षं चालेल असं गृहीत धरलं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये तिला दहा वर्षं झाली. या काळात काही अवयव थकले. यूव्हीआयटीच्या तीन प्रकाश-पट्ट्यांपैकी एक २०१८ मध्ये बंद पडला. लॅक्सपीसीच्या एका डब्यातला वायू गळाला आणि तो डबा थांबवावा लागला. पण जोडदुर्बिणीतला दूरचा अतिनील डोळा शाबूत होता, बाकीची यंत्रं सांभाळून वापरली गेली आणि निरीक्षणं सुरू राहिली. १ जानेवारी २०२४ ला ‘एक्स्पोसॅट’ ही धाकटी बहीणही वर गेली. तिचीही कक्षा ६५० किलोमीटरवर, ६ अंश कललेली.

१९. कोठाराला कुलूप नाही

मागणी करणाऱ्या संशोधकाची राखीव मुदत संपली की अ‍ॅस्ट्रोसॅटची माहिती सगळ्यांना खुली होते. तिचा संग्रह सप्टेंबर २०१८ मध्ये खुला झाला. त्यासाठी मोठ्या विद्यापीठात असण्याची अट नाही. लातूरच्या किंवा सावंतवाडीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकणारी मुलगी नाव नोंदवून तेच दाणे उतरवून घेऊ शकते, जे वापरून जगभर शोधनिबंध लिहिले गेले. मदतीसाठी पुण्यात, आयुकात, अ‍ॅस्ट्रोसॅटचं साहाय्य केंद्र आहे. दहा वर्षांच्या नोंदींत अजून कुणी नीट न पाहिलेलं बरंच काही पडून आहे, याची मला खात्री आहे.

२०. आणि शेवटी, खेकडा

इसवी सन १०५४ मध्ये चिनी निरीक्षकांनी आकाशात एक नवा तारा नोंदला. तो भर दिवसा २३ दिवस दिसत होता. फुटलेल्या ताऱ्याची ती चमक होती. त्याचे अवशेष म्हणजे आजचा खेकडा तेजोमेघ. आत बसलेला न्यूट्रॉन तारा सेकंदाला सुमारे ३० गिरक्या घेतो आणि दीपगृहासारखा झोत फिरवतो.

सीझेडटीआयने दीड वर्ष पुन्हा पुन्हा त्याच्याकडे नेम धरला. क्ष-किरण एका चौकोनात आपटून शेजारच्या चौकोनात उडतो. तो कोणत्या बाजूला उडाला याची मोजदाद केली, की आलेल्या लहरी कोणत्या दिशेने थरथरत होत्या ते कळतं. त्याला ध्रुवण म्हणतात. निष्कर्ष अनपेक्षित होता. झोत आपल्यावरून निघून गेल्यानंतर, दोन चमकांमधल्या शांत वेळातच ध्रुवण झपाट्याने बदलत होतं. हा न्यूट्रॉन तारा नेमका कुठून आणि कसा चमकतो, याबद्दलच्या जुन्या कल्पनांना २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या मोजमापाने धक्का दिला.

डिसेंबर-जानेवारीच्या रात्री गच्चीवर जा. रोहिणीचा तांबूस तारा शोधा. तिथून वृषभाची दोन शिंगं पूर्वेकडे जातात. दक्षिणेकडच्या शिंगाच्या टोकाजवळची जागा महाराष्ट्रातून जवळजवळ डोक्यावर येते. डोळ्यांना तिथे काही दिसणार नाही. पण तिथून निघालेले कण साडेसहा हजार वर्षांचा प्रवास करून वाटेत एका भारतीय जाळीवर आपटले, त्यांची सावली मोजली गेली आणि तो हिशोब पुण्यात उघडला गेला. त्या रिकाम्या जागेकडे एकदा नीट पाहा.